मेढ्याच्या वहिनींचे मालक

माझ्या बायकोचा मला हेवा वाटायचा, हे मी आज लिहून टाकतो. ती मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत वाढलेली, सातवी पास. वडील पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मी रहिमतपूरचा, बी.ए. झालेला, वर आरोग्य शिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पुरा केलेला. हेवा वाटायचाच असेल तर तिला माझा वाटायला हवा, असं मी धरून चाललो होतो.

सत्त्याहत्तर सालच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं आणि जूनमध्ये मला नेमणूक मिळाली. गाव कवठे महांकाळच्या पुढं, एस.टी. सोडून तासभर चालत गेल्यावर लागणारं. रहिमतपूरला आमच्या रानात पाटाचं पाणी खेळायचं, ऊस डोक्याच्या वर जायचा. इथं नजर जाईल तिकडं माळ, खुरटी बाभळ आणि मधूनच बाजरीचा एखादा तुकडा. माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. अलीकडं थोडी शेतीही करू लागलेली. गावाच्या खालच्या अंगाला पायऱ्यांची एक विहीर होती. बायका पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरायच्या आणि घागरी बुडवून वर यायच्या. सगळं गाव त्याच पाण्यावर.

आणि गावात नारू होता. आजच्या वाचकांना तो रोग ठाऊक नसेल. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं काढतो. तो ओढून काढता येत नाही, तुटतो. काडीला गुंडाळत रोज बोटभर काढायचा. असा पाय पाण्यात बुडाला की किड्याची पिल्लं पाण्यात उतरतात आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जातात. महिनाभर माणूस अंथरुणाला खिळतो, आणि तेही नेमकं सुगीच्या दिवसांत.

माझं काम औषध देण्याचं नव्हतं. आरोग्याबद्दल लोकांना काय शिकवायला हवं हे ठरवण्याआधी गावाची गरज काय आहे आणि गावात साधनं कोणती आहेत, याची पाहणी करून अहवाल द्यायचा होता. त्यासाठी सात पानांचा सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म मी स्वतः तयार केला होता. प्रशिक्षणात त्या फॉर्मचं कौतुक झालं होतं. पहिल्या पाच पानांवर गरजा, शेवटच्या दोन पानांवर साधनं. घरटी एक फॉर्म.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघालो. पहिल्या घरातला कर्ता माणूस मला बघून मागच्या दारानं निघून गेला. दुसऱ्या घरातही तेच. नसबंदीची मोहीम सरून वर्षही झालं नव्हतं. कागद घेऊन येणाऱ्या माणसाला कोण थांबणार? हे मला कळायला चार दिवस लागले. मग मी सरपंचांना बरोबर घेतलं. आता माणसं थांबायला लागली, पण उत्तरं एकाच छापाची.

“घरात कुणी आजारी असतं का?”

“समदं बरं हाय.”

“पाणी गाळून पिता का?”

“व्हय, गाळून पितो की.”

“आरोग्याबद्दल काय माहिती हवी आहे?”

“दवाखाना पायजे. सुई मारणारा डाक्टर पायजे.”

तीस फॉर्म भरले आणि तिसांवर तेच. साधनांच्या पानावर मी लिहिलं : शाळा एक, चावडी एक, ग्रामपंचायतीचा रेडिओ एक, भजनी मंडळ एक.

दुपारी जेवायला घरी आलो की बायको विचारायची, “आज किती कागुद झालं?”

“कागद,” मी म्हणायचो. तिची भाषा सुधारायची हे मी लग्नानंतर लगेच मनावर घेतलं होतं. ती ‘कागद’ म्हणायची आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘न्हाई’वर यायची.

एके दिवशी भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “आवं, ह्या गावात बायका दिसभर पाणीच पीत न्हाईत.”

“का?”

“सांजच्याला अंधार पडल्याबिगर बाहेर जायला जागा न्हाई. मग पाणी पिऊन करायचं काय? परवा हिरीवर एकजण चक्कर येऊन पडली तवा सांगत होत्या.”

माझ्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर शौचालयाचा प्रश्न होता. तीसही घरांनी ‘गरज नाही’ असं सांगितलं होतं. सांगणारे सगळे पुरुष होते. मी जेवण थांबवून वही काढली आणि लिहून घेतलं. तिला बरं वाटलं. खरं तर त्या दिवशी मलाही बरं वाटलं.

मग हे रोजचंच झालं. बाळंतिणीचं पहिलं दूध पिळून टाकतात, हे ती घेऊन आली. कुठल्या घरातली सून तीन महिने तापानं खंगली आहे आणि सासू कुणाला सांगू देत नाही, हे ती घेऊन आली. लेकराला हगवण लागली की पाणी बंद करतात, हेही तिनंच आणलं. पाण्याला गेली की दोन घागरींबरोबर गावातलं काहीतरी घेऊनच ती परत यायची. माझी वही भरायला लागली आणि माझे फॉर्म तसेच कोरडे राहिले.

पहिला चटका कधी बसला ते मला नेमकं आठवतं. श्रावण संपत आला होता. मी खालच्या आळीतून परत येताना विहिरीकडून हसण्याचा आवाज आला. दहाबारा बायका असतील. मधोमध माझी बायको, ओचा खोवून, हात नाचवत काहीतरी सांगत होती. बहुधा कुणाची तरी नक्कल करत होती. घरात मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मी काठावर आलो आणि एकीनं मला पाहिलं. हसणं एकदम थांबलं. पदर सारखे झाले. आणि सगळ्यांबरोबर माझी बायकोही गप्प झाली.

मी तसाच पुढं गेलो. त्या बायका गप्प होतात हे समजत होतं. ती का त्यांच्या बाजूला उभी राहिली?

गावानं तिला नाव दिलं होतं, ‘मेढ्याची वैनी’. मला वाटायचं, मला ‘साहेब’ म्हणतात. एकदा दुकानात दोन म्हातारे बोलत होते. एकानं विचारलं, “त्यो कोण रं?” दुसरा म्हणाला, “त्यो व्हय? मेढ्याच्या वैनीचं मालक.” तीन महिने सात पानी फॉर्म घेऊन मी त्या गावाचे उंबरे झिजवले होते.

आमच्या शेजारी एक म्हातारा मेंढपाळ राहायचा. अंगानं काटक, डोक्याला भलामोठा पटका. आश्विनात त्याच्या घोट्याला नारू फुटला. तो काठी टेकत आमच्या ओट्यावर यायचा आणि आत डोकावून विचारायचा, “वैनी हायत का?”

“मला सांगा की आजोबा, काय ते,” मी म्हणायचो.

“न्हाई, तुमी सायेब मानूस. वैनीलाच सांगतो.”

ती आतून यायची, उंबऱ्यावर बसायची आणि त्याचं ऐकत राहायची. मध्ये फक्त “मग?” म्हणायची. नारूवर मी शंभर पानं वाचली होती. किडा कसा वाढतो, पाण्यातल्या सूक्ष्म जिवाच्या पोटात कसा राहतो, याची चित्रं काढून दाखवू शकत होतो. तो म्हातारा माझ्याकडं पाठ करून, सातवी पास बाईला आपल्या पायाची हकिगत सांगत होता. मी आत बसून फॉर्मवर रेघा मारत ती ऐकत होतो.

त्याच हकिगतीतून तिला ते सापडलं. तो गेल्यावर ती म्हणाली, “आवं, एक सांगू? घरात समदी गाळत्यात. ते खरंच हाय. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधल्याबिगर कोण पाणी वतत न्हाई. पर नारू हुतो कुणाला? मेंढरामागं जात्यात त्यास्नी आन् रानात कामाला जात्यात त्यास्नी. ती कुठं गाळत्यात? मिळंल त्या हिरीत उतरायचं, वंजळीनं प्यायचं.”

मी भरलेले फॉर्म पुढ्यात ओढले. तीस घरांनी ‘व्हय, गाळून पितो’ म्हटलं होतं आणि ते खरं बोलले होते. प्रश्नच माझा अपुरा होता.

“आता रानात फडकं कोण नेणार?” मी म्हणालो.

“फडकं कशाला न्यायला पायजे? डोक्याला हाय की. पटक्याचं टोक दुहेरी करून तोंडाला लावायचं आन् त्यातनं प्यायचं. बायांनी पदर लावायचा.” मग तिनं माझ्यापुढचा फॉर्म बघितला. “त्या साधनांच्या पानावर पटका लिवा की.”

ती हे सहज बोलली, चुलीकडं जाता जाता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ते सुचलं नव्हतं. वर्षभर शिकूनही सुचलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी शाळेत सभा ठेवली. चित्रांचे मोठे तक्ते टांगले. सरपंचांनी दवंडी दिली होती. सातजण आले, त्यातले दोन तक्त्यांकडं पाठ करून तंबाखू मळत बसले. मी तासभर बोललो. परत येताना शेजारच्या अंगणातून तिचा आवाज ऐकू आला. हळद दळायला जमलेल्या बायका जात्याभोवती दाटीनं बसल्या होत्या. ती पदराचं टोक दुहेरी करून ओठांना लावून दाखवत होती, आणि एक बाई तांब्यातलं पाणी तसं पिऊन बघत होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, “उद्यापासून विहिरीवर जायचं नाही.”

ती बघतच राहिली. “मग पाणी?”

“पाणी आणायला बाई ठेवू. अधिकाऱ्याच्या बायकोनं कमरेला ओचा खोवून घागरी वाहणं शोभत नाही. आणि अंगणाअंगणातून बसणंही बंद.”

“कोन काय बोललं का?”

“कुणी बोलायला कशाला हवं?”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बसली. एक म्हातारी दोन घागरी दारात ठेवून जायला लागली. बायका दारावरून जाताना विचारायच्या, “वैनी दिसंनात?” मी पुढं होऊन सांगायचो, “बरं नाही तिला.” आतून तिला ते ऐकू जायचं.

जेवताना आता आम्ही दोघंच असायचो. पूर्वी सगळं गाव आमच्या ताटाशी येऊन बसायचं. “आज काय विशेष?” मी एकदा विचारलं. “घरात काय इशेष असनार?” ती म्हणाली. ‘विशेष’ म्हण, असं सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. पाच आठवडे असे गेले. माझे फॉर्म पुन्हा ‘समदं बरं हाय’वर आले.

अहवाल द्यायची वेळ आली. सांगलीहून एक वरिष्ठ डॉक्टरबाई आमच्या कामावर देखरेख करायच्या. पन्नाशीच्या, सुती पातळ, पायात पुरुषी चपला. मी वही समोर घेतली आणि अहवाल लिहिला. बायकांचं पाणी न पिणं, पहिलं दूध, हगवणीत पाणी तोडणं, रानात ओंजळीनं पाणी पिणारे आणि पटक्याचं टोक. सगळं लिहिलं. प्रत्येक ठिकाणी ‘माझ्या निरीक्षणात आले’ असं लिहिलं. फॉर्ममधलं त्यात काहीच नव्हतं.

डॉक्टरबाई पौषात आल्या. अहवाल त्यांनी गाडीत वाचला होता. “इतका बारकाईनं केलेला अहवाल मी पाहिला नाही,” त्या म्हणाल्या. “हे पटक्याचं तर फारच उत्तम. चला, माणसांशी बोलू.”

विहिरीवर शेजारचा म्हातारा भेटला. पाय बरा झाला होता, मेंढरं घेऊन निघाला होता. डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, “आजोबा, रानात पाणी कसं पिता?” त्यानं पटक्याचं टोक सोडून, दुहेरी करून तोंडाला लावून दाखवलं.

“कुणी शिकवलं?”

“वैनीनं. आमच्या मेढ्याच्या वैनीनं.” मग माझ्याकडं बोट केलं. “ह्यांच्या मंडळी. लय दिस झालं, आजारी हायत म्हनं.”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “आजारी आहेत? मग बघून जाते.”

घरी बायकोनं चहा टाकला. डॉक्टरबाईंनी तिची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, “काय होतंय?”

“आता बरं हाय,” ती म्हणाली.

“ते पटक्याचं तुम्ही शिकवलंत?”

मी दाराशी उभा होतो. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. “ह्यांनी सांगितलं मला. मी नुसतं पुढं बोलले.”

त्या खोटं बोलण्यानं मी वाचलो. पण उपकार वाटण्याऐवजी मला राग आला. माझ्यापाशी जे नव्हतं ते तिच्यापाशी होतंच, वर ते सोडून देण्याचं मोठेपणही तिच्यापाशी होतं. अशा माणसाशी बरोबरी कुठून करायची? डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या, “आता बऱ्या आहात तर घरात बसू नका. बायका वाट बघताहेत.” त्यांच्या देखत मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी घागरी पुन्हा तिच्या डोक्यावर गेल्या.

यापुढचं लिहायला मला जड जातं. माघ महिन्यात कवठे महांकाळच्या आरोग्य केंद्राच्या टपालात सांगलीहून एक पत्र आलं. पाकिटावर माझं नाव होतं, आत मजकूर तिच्यासाठी होता. खेड्यातल्या बायकांना आरोग्य शिक्षणाचं काम शिकवण्यासाठी सांगलीत महिन्याभराचा वर्ग निघत होता. तिनं यावं, राहायची सोय होईल, असं डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. माझ्या अहवालाबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

मी पत्र घरी नेलं आणि भरलेल्या फॉर्मच्या गठ्ठ्यात, मधोमध, सरकवलं. दोन दिवसांनी सांगू, असं स्वतःला सांगितलं. दोन दिवसांनी वाटलं, ती गेली तर घरचं कोण बघणार. आठ दिवसांनी वाटलं, आता उशीरच झालाय. वर्ग सुरू व्हायची तारीख आली त्या दिवशी ती ओट्यावर बसून मटकी निवडत होती आणि मी आत बसून तिच्या पाठीकडं बघत होतो. तारीख गेली आणि मला हलकं वाटलं.

चैत्रात डॉक्टरबाई पुन्हा आल्या. विहिरीच्या पायऱ्या बंद करून वर कठडा आणि रहाट बसवायचा, म्हणजे कुणाचा पाय पाण्यात जाणार नाही, असं ठरत होतं. गावातली जाणती माणसं विहिरीभोवती जमली होती. बायका एका बाजूला होत्या आणि त्यांच्यात माझी बायको होती. डॉक्टरबाई सरळ तिच्याकडं गेल्या.

“तुम्ही आला नाहीत. मी पहिले तीन दिवस वाट बघितली.”

“कुठं?”

“वर्गाला. पत्र पाठवलं होतं.”

मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. घरात अडचण होती म्हणेल, सासू आजारी होती म्हणेल. मागच्या वेळी बोलली होती तशी. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मला पत्र मिळालं न्हाई, बाई,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. “टपालाचं काही खरं नसतं हल्ली,” असं म्हणून त्या विहिरीकडं वळल्या. त्यांना कळलं होतं. माझ्याशी त्या दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत.

दुपारी घरी आलो. तिनं ताट वाढलं नव्हतं. ती चुलीपाशी नुसतीच बसली होती.

“पत्र आलंतं?” तिनं विचारलं.

“हो.”

“कुठं हाय?”

मी गठ्ठा सोडला, पत्र काढून दिलं. तिनं ते सावकाश वाचलं. तिला वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर घडी घातली.

“का?”

मी काय काय तयार करून ठेवलं होतं : घरचं कोण बघणार, एकटी बाई सांगलीत, लोक काय म्हणतील. त्यातलं एकही तोंडातून निघेना. “लोक तुला सांगतात,” मी म्हणालो. “मी आठ महिने दारोदार विचारत फिरलो. मला कुणी काही सांगितलं नाही. तुला न विचारता सांगतात.”

तिनं पत्राची घडी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “मी काय इचाराया गेले न्हवते हो. आमच्याकडं डोंगरात झऱ्याचं पाणी. घागर धरली की भरती. हितं पयल्या दिशी हिरीत उतरले ती शेवाळावरनं घसरले. गुडघा फुटला, घागर फुटली. त्या बायांनी मला वर वढली, हळद भरली. घागर कशी बुडवायची, चुंबळ कशी ठिवायची, समदं शिकवलं. मला कायबी येत न्हवतं. शिकवता शिकवता बोलायच्या.”

“गुडघा फुटला होता?” मी विचारलं.

“आखाडात. पंधरा दिस लंगडत हुते.”

आखाडात मी फॉर्मचं पाचवं पान सुधारत होतो. ती लंगडत होती हे मी पाहिलंच नव्हतं.

“खोटं एकदा बोलले तुमच्यासाठी,” ती उठत म्हणाली. “आता न्हाई बोलणार.”

मी डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. त्यांचं वर्गाचं पत्र मीच दडवलं, आणि अहवालातलं बहुतेक सगळं माझ्या पत्नीचं आहे, असं लिहिलं. लिहिताना मोठेपणा वाटला असं म्हणवत नाही. शिक्षक फळ्यापाशी उभं करून लिहायला लावतात तसं वाटत होतं. उत्तर दोन ओळींचं आलं : पुढचा वर्ग जूनमध्ये आहे, त्यांना पाठवा.

मृगाच्या तोंडावर मी तिला सांगलीला सोडून आलो. महिनाभर पाणी मीच आणलं. मागं पाणी आणून देणाऱ्या म्हातारीला सांगता आलं असतं, पण सांगितलं नाही. कठड्याचं काम अर्धवट होतं, पायऱ्या अजून उघड्याच होत्या. पहिल्या दिवशी मी खांद्यावर घागर घेऊन उतरलो तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझी घागर पाण्यावर तरंगत राहिली, बुडेना. शेवटी एका म्हातारीनं ती हातातून घेतली, तिरकी करून भरून दिली आणि विचारलं, “वैनी कवा येनार?” महिनाभर विहिरीवर मला दुसरं काही कुणी विचारलं नाही. मीही वही नेत नव्हतो, तरी त्यांनी मला काही सांगितलं नाही. नसेल सांगावंसं वाटलं.

महिन्यानं तिला आणायला सांगलीच्या एस.टी. स्टँडवर गेलो. ती दोघीतिघींच्या घोळक्यात उभी होती, हातात चित्रांची गुंडाळी. मला विहिरीचा काठ आठवला. गाडीत बसल्यावर मिरजेपर्यंत ती वर्गातल्या गमती सांगत होती आणि मी खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होतो. मिरज सोडल्यावर ती गप्प झाली. मग मीच विचारलं, “पुढं काय झालं?” ती लगेच सांगायला लागली. अर्ध्या गोष्टी मला ठाऊक होत्या. तरी मी कवठे महांकाळपर्यंत तिला अडवलं नाही.

त्या पावसाळ्यात रहाट बसला. नारू लगेच गेला नाही. आदल्या वर्षी प्यालेलं पाणी त्या वर्षी पायांतून निघायचंच होतं. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र सुगीत कुणी अंथरुणाला खिळलं नाही. ती दुपारी वाडीवस्तीवर जायची. मी शाळेत आणि चावडीत बोलायचो, आणि काय बोलायचं ते आदल्या दिवशी तिला विचारून घ्यायचो. अहवालावर पुढं दोन सह्या असायच्या. दुसरी सही करताना ती जीभ बाहेर काढून एकेक अक्षर घोटायची, आणि मला ते बघवायचं नाही.

तिसऱ्या वर्षी माझी बदली साताऱ्याकडं झाली. निघायच्या दिवशी सगळं गाव एस.टी.च्या फाट्यापर्यंत चालत आलं. बायकांनी तिला मध्ये घेतलं. कुणी ओटी भरत होतं, कुणी गळ्यात पडून रडत होतं. मी ट्रंकांपाशी उभा होतो. शेजारचा म्हातारा माझ्याकडं आला, नारळ माझ्या हातात दिला. मला वाटलं, माझ्यासाठी दोन शब्द बोलेल.

“वैनीला जपा,” तो म्हणाला.

गाडी येईपर्यंत मी तो नारळ धरून उभा होतो, आणि मला तिचा हेवा वाटत होता.